नकाशात न दिसलेली केबल

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत समुद्राखालच्या इंटरनेट केबलींवर पानभर लेख आला आणि त्यासोबत जगाचा नकाशा होता. या विषयावर मराठीत इतकं सविस्तर क्वचितच वाचायला मिळतं, म्हणून लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. नकाशा मी भिंग घेऊन पाहिला. दोन शेजारी देशांमधल्या सामुद्रधुनीतून जाणारी, जेमतेम दीडशे किलोमीटरची एक केबल मी त्यात शोधत होतो. सापडली नाही. त्या नकाशाच्या प्रमाणात दीडशे किलोमीटर म्हणजे दीड मिलिमीटर, आणि तेवढ्या जागेत दोन्ही किनाऱ्यांच्या रेघांची शाईच एकमेकींना भिडली होती. महासागर ओलांडणाऱ्या केबली मात्र लाल-निळ्या ठळक रंगांत उठून दिसत होत्या.

मी चोवीस वर्षं केबल दुरुस्त करणाऱ्या जहाजांवर जॉइंटर होतो. तुटलेल्या केबलची दोन टोकं समुद्रातून वर आली की त्यांतल्या काचेच्या तारा एकमेकींना जोडायच्या, वर पुन्हा आवरण चढवायचं आणि केबल पाण्यात सोडायला द्यायची, हे माझं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. केलेल्या प्रत्येक जोडाची नोंद मी एका वहीत ठेवत असे: तारीख, पाण्याची खोली, तुटण्याचं कारण. आपला लेख वाचून ती वही पुन्हा काढली, आणि हे पत्र लिहायचं ठरवलं ते त्या वहीमुळे.

लेखात म्हटलं आहे की केबल जितकी लांब तितका तिला धोका जास्त, आणि शेजारी देशांमधल्या छोट्या केबली त्या मानाने निर्धास्त असतात. जमिनीवर बसून विचार केला तर कुणालाही हे पटेल. पण माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदी शंभर मीटरपेक्षा उथळ पाण्यातल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी छोट्या केबलींच्या आहेत. कारण सरळ आहे. महासागराच्या मध्यावर चार हजार मीटर खोल पडलेली केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची असते, तिच्यावर पोलादी तारांचं चिलखतही नसतं, आणि तरी ती वर्षानुवर्षं बिनघोर पडून राहते. तिथे कुणाचा नांगर पोहोचत नाही की कुणाचं जाळं. जगभरात दरवर्षी समुद्री केबली साधारण १५० ते २०० वेळा नादुरुस्त होतात, आणि त्यांतल्या ७० ते ८० टक्के वेळा कारण असतं मासेमारी किंवा जहाजाचा नांगर. म्हणजे धोका आहे तो उथळ पाण्यात. लांब केबल या पट्ट्यातून दोनदाच जाते, निघताना आणि पोहोचताना. छोटी केबल मात्र जन्मभर त्याच पट्ट्यात असते.

दोन शेजाऱ्यांमधला समुद्र म्हणजे बहुतेक ठिकाणी खंडाचाच पाण्याखाली गेलेला भाग. बाल्टिक समुद्राची सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास आहे. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत साठ-सत्तर मीटरच्या आतच तळ लागतो. आणि जागा अरुंद असल्यामुळे जगातली जहाजं नेमकी तिथेच एकवटतात, बंदरात जागा मिळेपर्यंत नांगर टाकून उभी राहतात, मासळीही तिथेच असते. केबल टाकणारे हे ओळखून असतात. किनाऱ्याजवळ केबलवर पोलादी तारांचे एक-दोन थर चढवतात, तिची जाडी मग मनगटाएवढी होते, आणि नांगरटीच्या अवजारासारखं एक प्रचंड धूड तळावरून ओढत नेऊन तिला मीटर-दोन मीटर पुरतात. एवढं करूनही तळ खडकाळ असला तर पुरता येत नाही. वाळूचा असला तर वाळूच्या लाटा सरकतात, आणि पाच वर्षांपूर्वी पुरलेली केबल उघडी पडते. चिखलाचा असला तर मोठ्या जहाजाचा कित्येक टनांचा नांगर आपल्या केबलपेक्षा खोल रुततो. मी हाताळलेल्या एका टोकाचं चिलखत अगदी सुतळी उलगडावी तसं उलगडलं होतं, आणि प्रत्येक पोलादी तारेवर नांगराचा रंग लागलेला होता.

या छोट्या केबलींना कमी लेखू नये, कारण समुद्राखालून संदेश पाठवण्याची विद्या त्यांच्यावरच शिकली गेली. २८ ऑगस्ट १८५० रोजी जेकब आणि जॉन ब्रेट या भावांनी 'गोलायथ' नावाच्या वाफेच्या बोटीतून डोव्हरपासून फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापर्यंत तांब्याची एक तार सोडली. तारेवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचं आवरण, बाकी काही नाही. ती इतकी हलकी होती की बुडावी म्हणून तिला ठिकठिकाणी शिशाची वजनं बांधावी लागली. कसेबसे काही संदेश गेले आणि दुसऱ्या दिवशी ती मुकी झाली. एका फ्रेंच मच्छीमाराच्या जाळ्यात ती अडकली आणि ही काय अजब वनस्पती म्हणून त्याने तिचा तुकडा कापून बंदरात नेला, असं सांगतात. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८५१ मध्ये, चार तारांची आणि बाहेरून लोखंडी तारा वळलेली केबल त्याच सामुद्रधुनीत टाकली गेली. नोव्हेंबरमध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि पुढे कित्येक वर्षं चालली. जे चिलखत मी चोवीस वर्षं करवतीने कापत आणि पुन्हा वळत आलो, त्याचा पूर्वज तो. काचेच्या तारेचंही तसंच झालं. दोन देशांना जोडणारी पहिली समुद्री ऑप्टिकल केबल १९८६ साली ब्रिटन आणि बेल्जियम यांच्यामध्ये पडली, सव्वाशे किलोमीटरच्या आत. अटलांटिक ओलांडणारी ऑप्टिकल केबल त्यानंतर दोन वर्षांनी आली.

आता या केबली आतून कशा चालतात ते थोडं सांगतो, कारण लेखात लांब आणि छोट्या केबली एकाच मापाने मोजल्या आहेत. काचेच्या तारेतून जाताना प्रकाश हळूहळू क्षीण होत जातो. साधारण फायबरमध्ये, म्हणजे या काचेच्या तारेत, दर पंधरा किलोमीटरला तो निम्मा होतो. तीनशे किलोमीटर गेल्यावर वीस वेळा निम्मा झालेला असतो, म्हणजे सोडला त्याच्या दहा लाखांशाएवढा उरतो. लांब केबलमध्ये म्हणून दर साठ ते शंभर किलोमीटरवर रिपीटर बसवतात. रिपीटर म्हणजे प्रकाश पुन्हा तेज करणारं उपकरण, पोलादी नळकांड्यात बंद करून समुद्रतळावर ठेवलेलं. त्यांना वीज लागते, ती किनाऱ्यावरून केबलमधल्या तांब्यातून पाठवतात, दहा हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाबाने. छोट्या केबलमध्ये यातलं काहीच नको. नव्या फायबरची काच इतकी शुद्ध असते की प्रकाश त्यात बराच लांब टिकतो. शिवाय किनाऱ्यावरून एक जोरदार लेझर सोडून फायबरलाच प्रकाश वाढवायला लावता येतं. त्याहीपुढचं म्हणजे केबलमध्ये काही अंतरावर अर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेल्या काचेचा तुकडा ठेवतात आणि त्याला ऊर्जाही प्रकाशातूनच पुरवतात. अशा युक्त्यांनी तीनशे-चारशे किलोमीटरपर्यंत समुद्रात विजेचा एकही भाग न ठेवता काम भागतं.

मला या केबली फार आवडत. पाण्याखाली बिघडण्यासारखं त्यांत काही नाही. जे जुनं होतं ते सगळं किनाऱ्यावर, कपाटात असतं. दहा वर्षांनी नवी यंत्रं आली की ती लँडिंग स्टेशनमध्ये, म्हणजे केबल किनाऱ्यावर येते त्या ठाण्यात, बदलायची, केबल तीच. विजेचा प्रश्न नसल्यामुळे फायबरच्या जोड्याही हव्या तितक्या घालता येतात, ४८, ९६, त्याहूनही अधिक. जॉइंटरच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की रात्रभर बसावं लागतं. केसाएवढी एकेक तार सोलायची, स्पिरिटने पुसायची, टोक काटकोनात कापायचं, यंत्रात समोरासमोर धरायचं, विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायचं आणि मग मोजायचं. जोड बरा नसेल तर तोडून पुन्हा. जहाज डोलत असतं. आमच्या एका कप्तानांची सवय होती, मी जोडायला बसलो की ते जहाजाचं नाक लाटेवर धरून ठेवत आणि दर तासाला निरोप पाठवत, 'आणखी किती?'

ज्या केबलला मी आपल्या नकाशात शोधत होतो तिची गोष्ट आता सांगतो. दोन्ही देशांची नावं लिहीत नाही, कंपनीचंही नाही. एक देश मोठा, दुसरा लहान. लहान देशाची बाहेरच्या जगाशी होणारी बहुतेक सगळी देवाणघेवाण त्या एका केबलने आधी शेजाऱ्याकडे जाई आणि तिथून महासागरी केबलींवर. एका रात्री नांगर टाकून उभं असलेलं मालवाहू जहाज वाऱ्याने सरकलं, नांगर फरफटला आणि केबल तुटली. पाण्याची खोली ३८ मीटर.

तुटलेली जागा शोधणं ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. किनाऱ्यावरून फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतात, तुटलेल्या टोकाशी तो परावर्तित होऊन परत येतो, आणि गेल्या-आल्याचा वेळ मोजतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक सहस्रांश सेकंद. दोन्ही किनाऱ्यांनी मोजलं आणि त्याच पहाटे आम्हाला शंभर मीटरच्या आतली जागा कळली. डेपोतून शिल्लक केबल भरून आम्ही निघालो आणि दोन दिवसांत तिथे पोहोचलो. हवा स्वच्छ होती, समुद्र शांत होता, टोकं कुठे आहेत ते माहीत होतं आणि जोडणारे हात जहाजावर होते. तिथे आम्ही सतरा दिवस नुसते उभे राहिलो.

एका देशाची परवानगी पहिल्याच दिवशी आली होती. पण तुटलेली जागा दुसऱ्या देशाच्या बारा सागरी मैलांच्या हद्दीत, जेमतेम तीन किलोमीटर आत होती. तिथे परदेशी जहाजाने काम करायचं म्हणून एका खात्याचा दाखला हवा, तो मिळायला दुसऱ्या खात्याचा ना-हरकत हवा, खलाशांची यादी तिसरीकडे, आणि सुटे भाग म्हणून आणलेल्या केबलवर जकात लागू होते का हे चौथीकडे. कुणी मुद्दाम अडवत होतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापला कागद रीतसर पाहिला. पण ते सगळे कागद केबल टाकली त्याच दिवशी एकदाच पाहून ठेवता आले असते. ती केबल कधी ना कधी तुटणार हे सगळ्यांनाच माहीत होतं.

लहान देशाच्या लँडिंग स्टेशनवर रात्रपाळीला एक तरुण अभियंता होत्या. त्या रोज संध्याकाळी सहाला सॅटेलाइट फोनवरून आमच्या जहाजाला फोन करत आणि एकच शब्द विचारत, 'आज?' पहिले काही दिवस आमचे अधिकारी त्यांना सविस्तर सांगत. पुढे पुढे फोन माझ्याकडे येऊ लागला. त्यांच्या इस्पितळातले मेंदूचे स्कॅन वाचायला शेजारच्या देशात जात, ते आता जात नव्हते. परदेशी राहणाऱ्या मुलांकडून घरी येणारे पैसे बँकेत दिसत नव्हते. सॅटेलाइटवर जी थोडी क्षमता मिळाली होती ती विमानतळ आणि सरकारी कामात संपत होती. हे मला बातम्यांमधून कळलं नाही, त्या बाईंकडून कळलं. बाहेरच्या जगात त्याची बातमी झालीच नाही, कारण तुटलेली केबल फक्त दीडशे किलोमीटरची होती.

अठराव्या दिवशी परवानगी आली आणि त्याच दिवशी वादळ आलं. आणखी चार दिवस गेले. नंतर आकड्यांची साखळी तळावरून ओढून पहिलं टोक पकडलं, तपासलं, बंद करून बोयाला बांधून ठेवलं, दुसरं टोक आणलं, मध्ये नवा तुकडा घालून दोन जोड केले. एकतीस तास लागले. शेवटची तार जोडून झाल्यावर फोन आला. त्या म्हणाल्या, 'लाइट आला.' म्हणजे तारेतून प्रकाश पोहोचला. आमच्या कामात हे दोनच शब्द ऐकायचे असतात. एकतीस तासांच्या कामासाठी तेवीस-चोवीस दिवस एक देश अर्धवट मुका राहिला, याचा राग मला आजही येतो.

अशी वेळ मोठ्या आघातात आली तर काय होतं ते प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाने दाखवलं. टोंगा ते फिजी ही केबल ८२७ किलोमीटरची, २०१३ पासून चालू, आणि तेव्हा टोंगाची बाहेर जाणारी एकुलती एक. १५ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि केबलचे तुकडे झाले. ऐंशीहून अधिक किलोमीटर केबल नव्याने घालावी लागली. 'रिलायन्स' हे केबल जहाज पापुआ न्यू गिनीकडून आलं आणि २२ फेब्रुवारीला संपर्क पुन्हा सुरू झाला. अडतीस दिवस. तिथे दोष निसर्गाचा होता आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी जीव तोडून काम केलं. पण वाट एकच होती.

याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये बाल्टिकमध्ये काय झालं ते पाहा. १७ तारखेला लिथुआनिया आणि स्वीडन यांच्यामधली २१८ किलोमीटरची केबल तुटली, दुसऱ्या दिवशी फिनलंड-जर्मनीची. जगभर गाजावाजा झाला, पण तिथल्या सामान्य माणसाचा फोन बहुधा एकदाही अडखळला नाही, कारण त्या देशांकडे इतर वाटा होत्या. महिना संपायच्या आत दोन्ही केबली दुरुस्तही झाल्या. जपान आणि कोरिया यांच्यामध्ये २००२ पासून असलेल्या केबल जाळ्याचीही हीच रचना आहे. कोरियातल्या बुसानकडून जपानच्या क्यूशू बेटाकडे दोन वेगळ्या वाटा समुद्रातून जातात, एक तुटली तर दुसरी ओझं उचलते.

पण 'दोन केबली आहेत' एवढ्यावर समाधान मानू नये. एका ठिकाणी मी पाहिलं आहे की खर्च वाचावा म्हणून दोन केबली एकाच किनाऱ्यावर, एकमेकींपासून दोनशे मीटरवर आणल्या होत्या. एकाच नांगराने दोन्ही ओढल्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर ऑक्टोबर २०२२ मध्ये आधी केबलचा फॅरो बेटांकडे जाणारा भाग तुटला, आणि तो दुरुस्त व्हायच्या आत स्कॉटलंडकडचाही तुटला. २० तारखेला सकाळी बेटांवरचे फोन, कार्डाने पैसे देणं, सगळं बंद पडलं आणि फोन करता येत नव्हते म्हणून पोलिसांना रस्त्यांवर फेऱ्या मारत राहावं लागलं. दुसरी वाट पहिलीपासून कित्येक किलोमीटर दूर हवी, वेगळ्या किनाऱ्यावर उतरणारी हवी, आणि एक तुटली की 'दुसरी चालू आहे ना' म्हणून पहिलीची दुरुस्ती पुढे ढकलायची नाही. सामुद्रधुनी अरुंद असेल तर दोन उंच मनोऱ्यांमधून मायक्रोवेव्ह दुवाही ठेवता येतो. त्याची क्षमता फायबरच्या पासंगालाही पुरत नाही, पण इस्पितळ आणि बँक त्यावर चालू राहू शकतात.

आपल्या लेखात कायद्याबद्दल दोनच ओळी होत्या, त्यात भर घालावीशी वाटते. समुद्री केबलींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार पॅरिसमध्ये १४ मार्च १८८४ रोजी झाला, टेलिफोनही नवा होता तेव्हा. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने केबल तोडणं त्यात गुन्हा ठरवलं आहे. दुरुस्ती चालू असलेल्या जहाजापासून इतरांनी एक सागरी मैल दूर राहावं हेही त्यात आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात यातलं बरंच पुन्हा आलं. पण गुन्हा समुद्रात कुठे घडला यावर खटला कुणी चालवायचा हे ठरतं, आणि तिथे घोडं अडतं. २५ डिसेंबर २०२४ रोजी फिनलंडच्या आखातात 'ईगल एस' या तेलवाहू जहाजाच्या नांगराने फिनलंड-एस्टोनियामधली विजेची एक आणि दूरसंचाराच्या चार केबली (तीन याच दोन देशांमधल्या, एक फिनलंड-जर्मनीची) निकामी केल्याचा आरोप झाला. फिनलंडने जहाज ताब्यात घेतलं, कप्तानावर आणि अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नाही म्हणून तो काढून टाकला, कारण घटना प्रादेशिक हद्दीबाहेरची होती. उथळ पाण्यात, दोन देशांच्या डोळ्यांसमोर पडलेली केबल तुटते आणि निवाडा करायला दोघांपैकी कुणाचाच हात पोहोचत नाही. शेजारी देशांनी केबलचा करार करताना एकमेकांशी हेही लिहून घ्यायला हवं: कोण तपास करेल, पुरावा कोण देईल, दुरुस्तीच्या जहाजाला किती तासांत आत सोडलं जाईल. दिवसांत नको, तासांत लिहा.

शेवटचा मुद्दा मच्छीमारांचा. आपल्या लेखात ते केबल तोडणारे म्हणूनच आले आहेत, आणि ते मला लागलं. कुणालाही आपलं जाळं केबलमध्ये अडकवून घ्यायची हौस नसते. जाळं जातं, दिवस जातो, आणि ओढत राहिलं तर छोटी बोट उलटूही शकते. एकदा आम्ही एका केबलवर पोहोचलो तेव्हा तिच्यात एक आख्खं जाळं गुंतलेलं होतं, दोर सरळ धारदार सुरीने कापलेले. केबल शाबूत होती, फक्त जागेवरून सरकली होती. त्या बोटीच्या माणसाने आपलं जाळं सोडून दिलं होतं. आम्ही बंदरात त्याला शोधून काढलं. त्याने विचारलं, भरपाई कुठे मागायची? बंदरातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं, आमच्या जहाजावरही दोघांनाच माहीत होतं. तोपर्यंत आठवडा उलटला होता आणि त्याच्याजवळ नोंद काहीच नव्हती.

तेव्हा माझी आपल्याला विनंती आहे की या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. एक, शेजारी देशांमधल्या केबलींसाठी वेगळा, मोठ्या प्रमाणाचा नकाशा द्यावा, मग तो एकाच सामुद्रधुनीचा का असेना. दुसरी, बोटीवर काम करणाऱ्या वाचकांसाठी पुढचा मजकूर चौकटीत छापावा. मी तो साध्या शब्दांत लिहून देतो.

जाळं किंवा नांगर तळाशी अडकला आणि वर येताना जड, गोल, दोरासारखं काही लागलं, तर जोर लावू नका आणि ते वर ओढून कापू तर मुळीच नका. लांब केबल असेल तर तिच्यात हजारो व्होल्ट असू शकतात. बोटीची जागा, म्हणजे अक्षांश-रेखांश, लगेच लिहून ठेवा. वेळ लिहा. तटरक्षक दलाला किंवा बंदराला रेडिओवर कळवा. सुटत नसेल तर जाळं किंवा नांगर सोडून द्या. केबल वाचवण्यासाठी स्वतःचं साहित्य सोडणाऱ्याला केबलच्या मालकाने भरपाई द्यावी, असं १८८४ च्या कराराच्या सातव्या कलमात आहे आणि १९८२ च्या कराराच्या ११५ व्या कलमातही आहे, अट एवढीच की आधी सगळी वाजवी काळजी घेतलेली असावी. शक्य तर त्याच वेळी घटनेची हकीकत लिहून काढा आणि बोटीवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. पहिल्या बंदराला लागल्यापासून चोवीस तासांच्या आत ती तिथल्या अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर